घंटा वाजवण्यात यावी

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा डोंगर आत्तापेक्षा थोडे उंच होते आणि नद्या वाहता वाहता स्वतःशी बोलत असत, एवढेच मी ऐकले आहे.

त्या काळी एका रुंद नदीच्या काठी एक नगर होते. हिवाळा लागला की डोंगरावरचे धुके पहाट सरताना खाली उतरायचे. आधी ते देवळाच्या कळसावर टेकायचे, मग गल्लीबोळांतून हिंडायचे, एखाद्या गोठ्यात डोकावायचे आणि शेवटी नदीवर जाऊन पसरायचे. अशा सकाळी सगळे नगर अर्धवट झोपेत असल्यासारखे वाटे. म्हशींच्या गळ्यातली घुंगरे वाजायची, पण म्हशी दिसायच्या नाहीत. माणसे बोलायची, पण तोंडे दिसायची नाहीत. लहान मुलांना तर वाटायचे, की आपण कुणाच्या तरी स्वप्नात राहतो आणि तो जागा झाला की आपल्याला शाळेत जावे लागणार नाही.

नगराच्या घाटावर एक मोठी पितळी घंटा होती. तिचे काम फार महत्त्वाचे होते. घाटाच्या थोडे खाली गेले की नदी एका कड्यावरून थेट खोल दरीत उडी घ्यायची. पलीकडच्या तीरावरून येणारी होडी धुक्यात घाट चुकली, तर प्रवाह तिला त्या कड्याकडे ओढून न्यायचा. म्हणून धुके उतरले की घंटा वाजायची, आणि त्या आवाजाच्या रोखाने नावाडी होडी वळवायचे.

घंटेशेजारच्या खांबावर एक लाकडी फळी ठोकलेली होती. कुणा जुन्या नावाड्याने तिच्यावर चाकूने कोरले होते:

"धुक आल कि जो घाटावर आसेल त्यान घंटा वाजवायची थांबायच नाही"

या वाक्यात विरामचिन्ह औषधालाही नव्हते. शब्दांच्या शेवटचे अनुस्वार तर कुणी चोरून नेल्यासारखे गायब होते. पण धुके उतरले की घाटावर जो असेल तो हातातले काम टाकून दोर ओढायचा. धोबी ओढायचा, फुलवाली ओढायची. एकदा एका नवरदेवाने बाशिंग सांभाळत दोर ओढला होता, आणि मुहूर्त थोडा पुढे गेला तरी मुलीकडच्यांनी कुरकुर केली नव्हती.

या नगरच्या राजाच्या पदरी एक चिटणीस होता. भाषेच्या बाबतीत त्याचा कान फार तिखट. चुकीचे वाक्य ऐकले की भातात खडा लागल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. धर्मशाळेच्या दारावर "येथे दिनांस जेवण मिळेल" असे लिहिलेले होते. ते वाचून त्याने विचारले, "म्हणजे सोमवार, मंगळवार इथे पंगतीला बसतात की काय?" आणि ऱ्हस्व काढून दीर्घ केले, तेव्हा दिनांचे दीन झाले. वैद्याच्या पुड्यांवरची वाक्ये त्याने पूर्णविराम घालून सुटी केली आणि कितीतरी रोग्यांनी अंगाला लावायचे औषध पिणे बंद केले. हे त्याने उत्तम केले, असे माझे स्वच्छ मत आहे. व्याकरणाला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

घोटाळा झाला तो पुढे, आणि तो राजामुळे झाला.

एकदा चिटणिसाने दवंडीसाठी मजकूर लिहिला, "राजा उद्या सकाळी तलावाच्या कामाला पहिली कुदळ मारील." लोक कुदळी घेऊन जमले. राजा झोपून राहिला. ऊन डोक्यावर आले तरी त्याचा पत्ता नाही, तेव्हा लोक वाड्यापुढे येऊन विचारू लागले, "महाराज कुठं आहेत? ते येणार असं लिहिलंय."

राजा भलताच ओशाळला. संध्याकाळी त्याने चिटणिसाला बोलावले.

"चिटणीस, वाक्य असं लिहा की त्यात मी सापडता कामा नये."

चिटणीस विचारात पडला. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. त्याने लिहिले, "तलावाच्या कामास प्रारंभ करण्यात येईल."

राजाने ते वाचले. पुन्हा वाचले. "यात कोण प्रारंभ करणार आहे?"

"कुणीच नाही, महाराज. पण प्रारंभ मात्र होणार आहे."

"काय सुरेख वाक्य आहे," राजा म्हणाला, आणि त्याने गळ्यातला कंठा काढून चिटणिसाला दिला.

त्या दिवसापासून दरबारातल्या प्रत्येक वाक्यातून करणारा माणूस हळूच बाहेर काढला जाऊ लागला. कळवण्यात येत होते, ठरवण्यात येत होते, विचारात घेण्यात येत होते. अशी वाक्ये ऐकायला मोठी रुबाबदार वाटायची. दरबारात जे चालते ते बाजारात यायला वेळ लागत नाही, आणि बाजारातून ते घरात शिरते. आई मुलाला म्हणायची, "दूध पिण्यात यावं." मुलगा म्हणायचा, "पिण्यात येईल," आणि खेळायला पळायचा. नवरा ओसरीवर बसून म्हणायचा, "विहिरीचं पाणी आणण्यात यावं." बायको आतून म्हणायची, "आणण्यात आलं तर बरंच होईल." घागर दिवसभर रिकामी राहायची आणि दोघांनाही एकमेकांचा राग यायचा नाही, कारण वाक्यात दोघांपैकी कुणीच नव्हते. मोठे शांत दिवस होते ते. भांडणे थांबली आणि त्यांच्याबरोबर कामेही थांबली, पण नगर इतके गुंगीत होते की ते कुणाच्या लक्षात आले नाही.

एके दिवशी चिटणीस घाटावर फिरायला गेला आणि त्याची नजर त्या फळीवर पडली. त्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षे हे वाक्य राजरोस उघड्यावर होते आणि कुणाला लाज वाटली नव्हती. त्याने राजाची परवानगी आणली आणि एक नवी, गुळगुळीत फळी घेऊन तो कामाला बसला.

आधी त्याने "धुक" वर अनुस्वार दिला. "आल", "त्यान" आणि "थांबायच" वर दिला. "कि" ची "की" केली, "आसेल" चे "असेल" केले. "वाजवायची" नंतर पूर्णविराम दिला. वाक्य आता स्वच्छ दिसू लागले: धुकं आलं की जो घाटावर असेल त्यानं घंटा वाजवायची. थांबायचं नाही.

इथे त्याने हात आवरला असता, तर ही गोष्ट सांगायची मला गरजच पडली नसती.

पण त्याला ते "जो" खटकले. जो म्हणजे कोण? हे काय राजमान्य भाषेत शोभते? त्याने लिहिले, "घाटावरील व्यक्तीने घंटा वाजवावी." तरीही ती व्यक्ती वाक्याच्या मधोमध दगडासारखी उभीच होती. त्याने तिलाही काढले. शेवटी त्याने जुनी फळी उतरवून नवी ठोकली, आणि तिच्यावर सोनेरी रंगात अक्षरे उमटली:

"धुके उतरल्यास घंटानाद करण्यात यावा. विलंब टाळण्यात यावा."

राजा स्वतः ती फळी बघायला आला. लोकांनी माना डोलावल्या. वाक्य इतके देखणे होते, की काही जणांनी फळीला फुले वाहिली.

चिटणिसाला एकुलती एक मुलगी होती, सगुणा नावाची. ती पलीकडच्या तीरावर दिली होती. त्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. चिटणिसाच्या बायकोने डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. चिटणिसाने बाळासाठी सागवानी पाळणा करून घेतला होता आणि रिकाम्या पाळण्याला तो येता-जाता झोका द्यायचा. सासरहून निरोप आला, की सगुणा हिरू नावाड्याच्या होडीतून सकाळी निघेल. हिरू म्हातारा होता, पण त्या नदीवर त्याच्याइतका भरवशाचा नावाडी दुसरा नव्हता.

ठरलेल्या दिवशी चिटणीस उजाडताच घाटावर जाऊन उभा राहिला. घाटावर बरीच माणसे होती. फुलवाली हार गुंफत होती. पहारेकरी भाल्याला टेकून उभा होता. धोबी कपडे भिजवत होता. नदी अजून मोकळी होती आणि पलीकडच्या तीरावरून होडी निघाल्याचा ठिपका चिटणिसाला दिसला.

मग धुके उतरले.

ते नेहमीपेक्षा दाट होते, आणि मऊ. आधी होडीचा ठिपका गेला, मग नदी गेली, मग घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या. सगळे पांढरे आणि शांत झाले. त्या शांततेतून दुरून हिरूची हाक आली.

"घंटाऽऽ... घंटा हाना की कुनीतरी..."

घाटावर सगळ्यांनी ती ऐकली. फुलवालीने सुई थांबवली. धोब्याने मान वर केली. पहारेकऱ्याने घसा साफ केला. आणि सगळे वाट पाहू लागले.

"घंटा वाजवण्यात यावी," चिटणीस मोठ्याने म्हणाला.

"हो, वाजवण्यात यावी," पहारेकरी म्हणाला.

"लवकर वाजवण्यात यावी," फुलवाली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही.

"वाजवण्यात येईलच," धोब्याने सगळ्यांना धीर दिला.

यांतला एकही माणूस दुष्ट नव्हता, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाच्या मनात होडी सुखरूप यावी असेच होते. फक्त कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारली नव्हती.

चिटणीस खांबाकडे धावला. काय करायचे ते फळीवर लिहिले आहे, हे त्याला आठवत होते. शेवटी लिहिले त्यानेच होते. त्याने फळीला नाक लावून वाचले. धुके उतरल्यास घंटानाद करण्यात यावा. त्याने वाक्य पुढून पाहिले, मागून पाहिले. वाक्यात धुके होते. घंटा होती. नाद होता. दोर ओढणारे त्यात कुणी नव्हते.

तेव्हा त्याच्या कानाशी कुणीतरी हळूच बोलले. आवाज ओला होता आणि सगळीकडून येत होता.

"काय शोधतोयस?"

"माणूस शोधतोय," चिटणीस म्हणाला. "या वाक्यात एक माणूस असायला हवा होता."

"होता," धुके म्हणाले. "तू त्याला बाहेर काढलंस आणि जागा रिकामी झाली, म्हणून मी आत राहायला आलो. फार छान घर आहे तुझं हे. पूर्वी मी सकाळी यायचो आणि ऊन चढलं की मला जावं लागायचं. आता मी तुझ्या वाक्यांत राहतो. तिथे ऊन येतच नाही."

"माझी लेक आहे रे होडीत," चिटणीस म्हणाला.

"मला काय ठाऊक?" धुके म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते, उलट फार मायेने बोलत होते. "मी कुणाला बुडवत नाही आणि कुणाला तारत नाही. मला करताच येत नाही काही. आपण दोघं सारखेच."

नदीवरून पुन्हा हाक आली. ती आता समोरून आली नाही. ती उजवीकडून, खालच्या बाजूने, कड्याकडून आली. या वेळी हाक हिरूची नव्हती.

"बाबाऽऽ..."

चिटणिसाच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला. तो शब्द त्याने इतके दिवस उच्चारला नव्हता, की जिभेला तो परका वाटला.

"मी," तो म्हणाला. "मी वाजवतो."

आणि त्याने दोर धरला. हात सोलून निघाले तरी तो ओढत राहिला. घंटेचा आवाज धुक्यातून नदीभर गेला.

पुढे काय झाले ते सगुणाने नंतर सांगितले. घंटा वाजली तेव्हा होडी घाट ओलांडून खाली गेली होती. आवाज पाठीमागून आला, त्यावरून हिरूला कळले की आपण कुठे आहोत, आणि हेही कळले की आता मागे फिरता येणार नाही. कड्याच्या अलीकडे पाण्यात एक मोठा कातळ होता. हिरूने जिवाच्या आकांताने होडी त्यावर नेऊन आदळवली, सगुणाला दोन्ही हातांनी उचलून कातळावर ठेवले आणि म्हणाला, "बाय, घट्ट धर." तो स्वतः चढणार, तेवढ्यात होडी सुटली. होडी आणि हिरू दोघेही धुक्यात गेले.

ऊन चढल्यावर लोकांनी दोर टाकून सगुणाला आणले. हिरू सापडला नाही. घंटा थोडी आधी वाजली असती, तर दोघेही पायऱ्या चढून वर आले असते.

हिरूची बायको ठकूबाई रडली नाही. ती घाटावर आली आणि एकेकाला विचारू लागली, "घंटा कुनी वाजवली न्हाई?"

"वाजवण्यात आली नाही," पहारेकरी खाली बघत म्हणाला.

"उशिरा वाजवण्यात आली," धोबी म्हणाला.

फुलवाली हार गुंफत राहिली.

ठकूबाई रोज यायची, रोज विचारायची आणि तेच ऐकून परत जायची. नगरातले लोक म्हणू लागले, की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. शेवटी एक दिवस ती दरबारात जाऊन उभी राहिली. घाटावरचे लोकही तिच्यामागे येऊन दाराशी थांबले.

"महाराज, मला एवढंच सांगा. घंटा कुनी वाजवली न्हाई?"

राजा अवघडून बसला. त्याने चिटणिसाकडे पाहिले. "बाईंना रीतसर लेखी उत्तर द्या."

चिटणिसाने लेखणी उचलली. हात सवयीने चालला: "धुक्याच्या समयी घंटा वाजवण्यात आली नाही, याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे."

त्याने ते वाचले. एकही वेलांटी चुकली नव्हती. स्वल्पविराम बरोबर जागी होता. बाहेर रखरखीत दुपार होती, पण त्या ओळीतून थंड, ओला वास येत होता. त्याला वाटले, आपण हा कागद तिच्या हातात दिला तर ही बाई जन्मभर धुक्यात विचारत फिरेल.

त्याने ती ओळ खोडली आणि खाली दुसरे लिहायला घेतले. राजाने वाकून पाहिले.

"हे काय लिहिताय, चिटणीस? यात तुम्ही सापडाल."

"हो, महाराज."

"आणि तुमच्यामागून मीही सापडेन."

चिटणिसाने शेवटची ओळ लिहून पुरी केली. तो कागद घेऊन उठला, पण ठकूबाईने हात पुढे केला नाही. "मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा."

लिहिणे एकवेळ सोपे होते. आता त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"घंटा मी वाजवली नाही. मी घाटावर उभा होतो. हिरूने मारलेली हाक मी ऐकली. दोर माझ्या हाताशी होता. घंटा कुणी वाजवायची ते जुन्या फळीवर लिहिलेलं होतं. ते मी काढून टाकलं."

ठकूबाई त्याच्याकडे एकटक बघत राहिली. मग ती म्हणाली, "आत्ता कळलं. आजवर मी धुक्यावर रागवत व्हते. धुक्यावर रागवून मानूस दमतंय वो. आता मला मानसावर रागवता येईल."

आणि ती तिथेच जमिनीवर बसली आणि हिरू गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. इतके दिवस कुणापुढे रडावे तेच तिला कळत नव्हते. चिटणीस तिच्यासमोर बसला. तिने त्याला बोल लावले, शिव्याही दिल्या. ते सगळे त्याने ऐकून घेतले.

थोड्या वेळाने दाराशी उभी असलेली फुलवाली पुढे आली. "ठकूमावशी, मीही होते तिथं. मी हाक ऐकली आणि मी उठले नाही."

पहारेकरी भाला बाजूला ठेवून आला. "मीही होतो."

धोबी आला. मग आणखी कुणी आले. ज्या दरबारात कित्येक दिवस कुणीच काही केले नव्हते, तो दरबार बघता बघता माणसांनी भरून गेला. राजा मात्र सिंहासनावर बसून इकडेतिकडे पाहत राहिला, जणू आपल्यालाही कुणी हाक मारील म्हणून.

चिटणिसाला त्याच संध्याकाळी दूर करण्यात आले, असे दरबारी नोंदीत आहे. खरे म्हणजे राजाने त्याला काढले. पण त्याच्या जागी दुसरा चिटणीस टिकेना. जो येई त्याच्या वाक्यात कोण काय करणार ते लोक आधी विचारत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कामाला हात लावत नसत. शेवटी राजालाच आपली पत्रे स्वतः लिहायला बसावे लागले, आणि "मी" या एका अक्षरापाशी त्याची लेखणी कितीतरी वेळ अडली.

तेव्हा, लहानथोर वाचणाऱ्यांनो, शुद्ध लिहा, नेटके लिहा, जिथे थांबायचे तिथे जरूर थांबा. पण एवढे मनात धरा:

वाक्यातून करणारा माणूस पुसून टाकला, की हाक येते तेव्हा उठणारा माणूसही उरत नाही.